घरच्या घरी बेस गिटारचा नेक: गोव्याच्या हवेत टिकेल असा

बेसच्या चार तारा सुरात आल्या की नेकवर, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावर, एकूण सुमारे ८० किलोचा ताण बसतो. हाताने केलेला नेक एवढं पेलणार का, ही नवख्याची पहिली शंका. पेलतो. नीट सुकलेलं सागवान आणि आत चांगला ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळी, असला की ताणाची चिंता उरत नाही. आपल्याकडे नेक बिघडतो तो ताणाने नव्हे, हवेने. जूनमध्ये पाऊस लागला की घरातली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि लाकडात १८ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं. डिसेंबर-जानेवारीत हवा ६५ टक्क्यांवर उतरली की तेच लाकूड १२ टक्क्यांवर येतं. तेवढ्यात ६२ मिलिमीटर रुंदीची फळी अर्धा मिलिमीटर सहज फुगते नाहीतर आक्रसते. पावसाळ्यात बसवलेल्या फ्रेटची (फळीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं हिवाळ्यात बाहेर येऊन बोटांना टोचतात ती यामुळेच.

म्हणून वेळापत्रक हवामानाचं धरा. लाकूड पावसाआधी घरात आणून ठेवा. चिकटवणं आणि फ्रेट बसवणं दिवाळीनंतर, शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत. घासकाम, आकार देणं, कागदावरचं आरेखन हे कधीही केलं तरी चालतं.

लाकूड

गिटारच्या नेकसाठी जगभर मेपल वापरतात. आपल्याकडे तो परदेशातून मागवावा लागतो. त्याच्यासाठी अडून बसण्याचं कारण नाही, कारण ताठपणात सागवान मेपलच्या अगदी जवळ आहे. कडकपणात कमी पडतं, पण नेकच्या पाठीला कडकपणाची तेवढी गरज नसते. ती असते फिंगरबोर्डला, म्हणजे बोटं जिथे दाबतात त्या वरच्या फळीला, आणि तिथे शिसव लावायचं.

जुनं सागवान मिळालं तर नव्याकडे बघूही नका. गोव्यात जुनी घरं पाडली जातात तेव्हा वासे, दाराच्या चौकटी, पलंगाचे खूर मोडीत निघतात. अनेक पावसाळे पाहिलेलं ते लाकूड वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. घेताना लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा. एक राहिला तरी रंध्याचं पातं कामातून जातं. वाळवी आणि टाचणीएवढी भोकं बघा. मग टोकाकडचा काप बघा: वार्षिक वलयं रुंद बाजूला उभी, म्हणजे काटकोनाच्या जवळ असतील तर उत्तम. कडेवरच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडणारी रेषा दिसली तर तो तुकडा बाजूला ठेवा, तारा ओढल्यावर तिथेच तो पीळ घेईल.

मट्टी हा आपला राज्यवृक्ष, पण त्याचं लाकूड सुकताना तडकतं आणि वाकडं होतं. नेकसाठी नको. फणसाचं लाकूड हलकं आणि देखणं. दक्षिणेत वीणा त्याचीच करतात. नेक आपण तीन पट्ट्यांचा करणार आहोत, त्यातल्या मधल्या पट्टीला ते छान दिसतं. परसातलं झाड तोडून लाकूड काढायचा विचार असेल तर आधी वन खात्याची परवानगी घ्या, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खाजगी जागेलाही लागू आहे. शिसव घेतलंत तर पावती जपून ठेवा. २०१७ पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी आपल्याकडे बोटीवर नोकरीला जाणारे पुष्कळ. वाद्य बरोबर नेणाराला कागद हाताशी असलेला बरा.

सुकलं की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. तुकड्यावर तारीख घाला, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आकडा लाकडावरच पेन्सिलीने लिहा. वजन ओळीने तीन-चार आठवडे हललं नाही की ते खोलीच्या हवेशी जुळलं समजा. पावसातच काम करायची वेळ आली तर कपाटात जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब लावून तुकडे आत ठेवा. बल्बपासून ते हातभर लांब असू द्या.

मापं

हे आकडे चार तारांच्या, ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिमी स्केलच्या, स्क्रूने जोडायच्या नेकचे आहेत. स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. नट हा हेडस्टॉकपाशी, म्हणजे कळा बसवायच्या टोकापाशी, आणि ब्रिज बॉडीवर; तारा या दोन्हींवर टेकतात. टाच म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणारं नेकचं टोक. नटपाशी रुंदी ४२ मिमी, शेवटाला ६२. टाचेची जाडी फिंगरबोर्ड धरून २५. पहिल्या फ्रेटपाशी एकूण जाडी २१, बाराव्यापाशी २३. फिंगरबोर्ड ६ मिमी जाड, वरची गोलाई १२ इंच त्रिज्येची. जुन्या बेसवर याहून जास्त गोलाई असते, पण हाताने घासताना १२ इंच सोपी जाते आणि तारा खालीही ठेवता येतात. बॉडी आधीच हातात असेल तर तिच्या खाचेची रुंदी मोजा आणि टाच त्या मापाची करा. ६२ हा आकडा पवित्र नाही.

ट्रस रॉड, तारा ताणण्याच्या कळा आणि फ्रेटची तार हे तीन जिन्नस लाकडाला हात लावण्याआधी घरात असले पाहिजेत. कळांच्या भोकाचा व्यास, रॉडची लांबी-रुंदी कंपनीगणिक बदलते. दोन्हीकडे वाकणारा रॉड घ्या. गोव्यात वर्षातून निदान दोनदा तो फिरवावा लागतो, एकदा पाऊस लागल्यावर आणि एकदा ओसरल्यावर, आणि दोन्ही वेळी दिशा सारखी असेलच असं नाही. चावी हेडस्टॉकच्या बाजूला येईल अशी रचना करा. टाचेकडे ठेवलीत तर दर वेळी नेक सोडवत बसाल.

तीन पट्ट्यांचा नेक आणि आपोआप होणारी खाच

हाताने काम करणाऱ्याला सगळ्यात नकोसं काम म्हणजे रॉडसाठी ६ मिमी रुंदीची लांबलचक खाच खणणं. राउटर असेल तर पाच मिनिटं. नसेल तर स्वस्तातला राउटर घेऊन पहिलाच प्रयोग नेकवर करू नका. त्यापेक्षा खाच खणायचीच नाही, ती चिकटवतानाच तयार करायची.

९०० मिमी लांबीच्या तीन पट्ट्या काढा. बाजूच्या दोन प्रत्येकी ३२ मिमी रुंद आणि २० मिमी उंच. मधली बरोबर रॉडच्या रुंदीची, म्हणजे ६ मिमी. रॉड ९ मिमी उंच असेल तर मधल्या पट्टीची उंची रॉडच्या लांबीपुरती १० मिमीने कमी ठेवा, कारण पुढे वरची बाजू रंधताना एक मिमी जाणार आहे. टाचेकडच्या टोकाला आणि हेडस्टॉकच्या पुढच्या भागात ती पूर्ण उंचीची असू द्या. तिन्ही चिकटल्या की मध्ये सरळसोट, काटकोनी खाच उभी राहते. बाजूच्या दोन पट्ट्या एकाच फळीतून काढून एक उलटीसुलटी फिरवली तर दोघींचा पीळ एकमेकींना मारतो, हा आणखी एक फायदा.

मधली पट्टी रंधून ६ मिमीवर आणणं हेच यातलं नाजूक काम. रंध्याने ६.३ पर्यंत या, पुढचं ग्रॅनाइटवर. मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानात ओट्याचे उरलेले तुकडे जवळजवळ फुकट मिळतात. मीटरभर लांबीचा एक आणा आणि त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर डबल टेपने चिकटवा. एवढी सपाट जागा घरात दुसरी कुठे नसते. हा तुकडा पुढे फिंगरबोर्डला, टाचेला, फ्रेटच्या कानशीला, सगळ्याला लागणार आहे. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. दगडावर अधूनमधून धार लावत राहा. बोथट पात्यावर जोर दिला की रेषा उचकटतात.

सागवानाचा तेलकटपणा गोंदाला नडतो. चिकटवण्याच्या ऐन आधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसा. फडक्यावर पिवळट डाग येईनासा होईपर्यंत पुसायचं. गोंद म्हणून हळू सुकणारं अराल्डाइट घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारं नव्हे. पांढरा फेव्हिकॉल फर्निचरला ठीक, पण इथे दोन कारणांनी नको. त्यातलं पाणी पातळ फळी वाकवतं, आणि सततच्या ताणाखाली तो वर्षानुवर्षांत हळूहळू सरकतो.

खाचेत गोंद ओघळून सुकला तर तो काढताना पटाशी भरकटते. म्हणून रॉडच्या मापाची एक रीप करा, तिला मेणबत्ती चोळा आणि चिकटवताना खाचेत ठेवा. क्लॅम्प आवळल्यावर अर्ध्या तासाने ती थोडी मागेपुढे हलवून बाहेर ओढा. तिच्याबरोबर ओला गोंदही येतो. क्लॅम्प दर सात-आठ सेंटिमीटरला एक, आणि क्लॅम्प व लाकूड यांच्यामध्ये सरळ पट्टी. पुरेसे क्लॅम्प नसतील तर ओळखीच्या मेस्ताकडून (सुताराकडून) दोन दिवसांसाठी आणा. २४ तास हात लावू नका.

मग वरची बाजू रंधून सपाट करा. जाडी १९ मिमीवर येईल. पीळ बघायला ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्या नेकच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एका डोळ्याने मागची पट्टी पुढचीच्या वर दिसते का ते पाहा. दोघींच्या कडा समांतर दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. इथला अर्ध्या मिलिमीटरचा पीळ नंतर कुठल्याच रॉडने जात नाही. रॉड नेक वाकवतो, पिळत नाही.

फिंगरबोर्ड आणि फ्रेटच्या चिरा

चिरा पाडायच्या त्या फळी चौकोनी आणि सपाट असताना, निमुळती किंवा गोल करण्याआधी. कडा समांतर असतील तरच गुण्या नीट बसतो.

जागा नेहमी नटपासून मोजायच्या. एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलं की चूक साठत जाते. ३४ इंच स्केलसाठी नटपासूनची अंतरं मिलिमीटरमध्ये अशी: पहिला फ्रेट ४८.५, दुसरा ९४.२, तिसरा १३७.४, चौथा १७८.२, पाचवा २१६.६, सहावा २५२.९, सातवा २८७.२, आठवा ३१९.६, नववा ३५०.१, दहावा ३७८.९, अकरावा ४०६.१, बारावा ४३१.८, तेरावा ४५६.०, चौदावा ४७८.९, पंधरावा ५००.५, सोळावा ५२०.९, सतरावा ५४०.१, अठरावा ५५८.३, एकोणिसावा ५७५.४, विसावा ५९१.६. बारावा बरोबर स्केलच्या निम्म्यावर येतो. दुसरं स्केल हवं असेल तर हिशेब सोपा आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, पुढचा फ्रेट तेवढ्यावर. दोन फुटी स्टीलची पट्टी या कामाला पुरते. खूण पेन्सिलीने नको, धारदार कटरच्या टोकाने करा. पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते.

एका हत्यारावर मात्र पैसे खर्च करा, ते म्हणजे फ्रेटची करवत. फ्रेटच्या तारेचा खालचा दांडा अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर जाडीचा असतो आणि चीर ०.६ मिमीची लागते. हॅकसॉच्या पात्याने चीर रुंद होते, मग फ्रेट ढिला बसतो आणि वाजवताना झणझणतो. करवतीला टेकायला काटकोनात तासलेला लाकडी ठोकळा घ्या, तो खुणेवर क्लॅम्प करा आणि करवत त्याला चिकटून चालवा. खोली सगळीकडे सारखी, अडीच मिमी.

चिरा झाल्या की मध्यरेषा आखा आणि दोन्ही बाजूंनी निमुळतं रंधा. गोलाई नेकवर चिकटवल्यानंतरच द्यायची. १२ इंच गोलाईत ६२ मिमी रुंदीच्या टोकाला कडा दीड मिमीने खाली जाते. म्हणजे कडेला चिरेची खोली जेमतेम एक मिमी उरते. गोलाई झाल्यावर प्रत्येक चिरेत करवत पुन्हा फिरवावी लागते. हे विसरलात तर फ्रेटची टोकं कधीच पूर्ण बसणार नाहीत.

चिकटवण्याआधी रॉड खाचेत बसवून पाहा. चावी घड्याळाच्या दिशेने आवळली की त्याचा मधला भाग फिंगरबोर्डच्या दिशेने वर उचलला गेला पाहिजे, तारा ओढतात त्याच्या उलट. उलटा बसला असेल तर आत्ताच फिरवा. खाचेत हलत असेल तर बाजूला लाकडाची पातळ साल ठेवा, नाहीतर ठरावीक सुरांवर आतून खडखड येते. खाचेवर अरुंद मास्किंग टेप लावा, दोन्ही पृष्ठभागांना अराल्डाइट लावा, मग टेप काढा. फळी क्लॅम्पखाली सरकते, ही हमखास कटकट. त्यासाठी पहिल्या आणि अठराव्या फ्रेटच्या चिरेत एकेक चूक (बारीक खिळा) ठोकून जागा पक्की करा. गोंद सुकल्यावर ती उपटायची. भोक फ्रेटखाली लपतं.

पाठ

इथे घाई करणारे पस्तावतात. रॉडच्या खाली पहिल्या फ्रेटपाशी फक्त ६ मिमी लाकूड राहणार आहे, आणि एकदा आत घुसलात की तो नेक गेला.

आधी बाजूंना जादाचे तुकडे चिकटवून हेडस्टॉक रुंद करा, आकार कापा, पुढून ५ मिमी खाली उतरवा म्हणजे तो १४ मिमी जाड राहील. कळांची भोकं खाली टाकाऊ फळी ठेवून पाडा, नाहीतर बाहेर पडताना लाकूड फुटतं. मग पाठीवर पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी आडवे घळ करा, मोजून ठरलेल्या जाडीपर्यंत. व्हर्नियर हाताशी ठेवा. दोन घळ जोडणारी सरळ पाठ रंध्याने काढली की जाडी झाली, आता फक्त गोलाई. कडा ४५ अंशांत पाडा, त्या कडांच्या कडा पुन्हा पाडा, आणि मगच मोठ्या दातांची कानस गोल फिरवा. दोन्ही बाजू आळीपाळीने. एक बाजू पूर्ण करून दुसरी तिच्याशी जुळवायला गेलं की नेक हळूहळू बारीक होत जातो. पुठ्ठ्यातून आवडीच्या नेकचा अर्धा आकार कापून घ्या आणि दर थोड्या वेळाने लावून पाहा. रात्री खोली अंधारी करून बाजूने टॉर्च मारली की उंचवटे सावलीत उठून दिसतात. डोळे मिटून हात फिरवलात तर उरलेलेही सापडतात.

सागवान आणि शिसवाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते. मास्क लावा, आणि काम शक्यतो बाल्कनीत.

फ्रेट

गोलाईसाठी १२ इंची ठोकळा ऑनलाइन मिळतो. ८० वरून १२०, २४० असे कागद बदलत जा, पट्टी ठेवून लांबीत सरळ आहे का ते बघत राहा. चिरा पुन्हा खोल करा. बाजूच्या कडेला २ मिमीचे ठिपके लावा, पांढऱ्या प्लॅस्टिकची सळी पुरते. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांतल्या शिंपल्यांचे तुकडे वरच्या नक्षीला वापरायचा मोह मलाही झाला होता, पण तो शिंपला पापुद्र्या-पापुद्र्यांचा असतो, घासला की सुटतो.

फ्रेटची तार दीड मीटरपेक्षा थोडी जास्तच घ्या. बोर्डपेक्षा जरा अधिक वाकवून, दोन्ही बाजूंना ५ मिमी जास्त ठेवून कापा. आधी दोन्ही टोकं हलक्या हातोडीने ठोका, मग मधला भाग. मधोमध सुरुवात केली की टोकं वर उचलतात. नेकखाली वाळूची पिशवी ठेवली तर ठोका लाकडात जिरतो. जास्तीची टोकं पक्कडीने काढा आणि कडा कानशीने तिरक्या करा.

आता रॉड फिरवून बोर्ड अगदी सरळ करा. फ्रेटच्या माथ्यावर काळं मार्कर फिरवा. लांब सपाट कानशीने, किंवा ग्रॅनाइटवर सरळ केलेल्या लाकडी पट्टीला ३२० नंबरचा कागद लावून, लांबीच्या दिशेने घासा. सगळ्या फ्रेटवरचं काळं पुसलं गेलं की थांबा. पुढे तिकोनी कानशीने माथे पुन्हा गोल करा, ४०० पासून २००० पर्यंत पॉलिश करा. टेपने बोर्ड झाकायला विसरू नका.

पॉलिश

अळशीचं तेल आपल्या हवेत नको. पावसाळ्यात ते वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. शिवाय तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात. लाखेचं पॉलिश दमट दिवशी पांढुरकं पडतं. मी पॉलियुरेथेनच्या बाजूचा आहे: ॲसिटोनने पुसून, लाखेचा एक पातळ हात कोरड्या दिवशी, कारण सागवानाचं तेल वरचं पॉलिश वाळू देत नाही, मग थिनरने पातळ केलेले पीयूचे तीन-चार हात फडक्याने. टाच, कळांची भोकं, हेडस्टॉकचं टोक, सगळं झाका. हवेतलं पाणी उघड्या टोकांतूनच सगळ्यात वेगाने आत शिरतं. शेवटी पाठ बारीक पॅडने घासून मॅट करा, घामट हाताला चकचकीत नेक चिकटतो. शिसवाला काही लावायची गरज नाही.

जोडणी

स्क्रूची भोकं आधी पाडा, साधारण सव्वाचार मिमी स्क्रूला ३ मिमीचं, आणि स्क्रूला साबण लावा. तसाच स्क्रू घुसवलात तर सागवान चिरतं. चारही आवळण्याआधी बाहेरच्या दोन ताराच चढवा आणि त्या बोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का पाहा. नेक खाचेत किंचित डावा-उजवा हलतो, तो आत्ताच सरळ करायचा.

नट हाडाचा करा. खाचा इतक्या खोल की पहिल्या फ्रेटवर तार अर्धा मिमी उंच राहील, कमी नको. ताण एकदम देऊ नका, आज अर्धा आणि उद्या पूर्ण. सुरात लावून रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी ई तार, म्हणजे सगळ्यात जाड तार, पहिल्या आणि विसाव्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.३ ते ०.४ मिमी फट हवी. जास्त असेल तर चावी पाव फेरा आवळा, नसेलच तर पाव फेरा सैल करा, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर नेकला तासभर द्या. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची २ ते २.५ मिमी ठेवली की पुढचं काम ब्रिजचं.